चौदावा तुकडा

"किती वरून टाकलं?" शालिग्राम नानांनी स्टुलावरून विचारलं.

"साठ सेंटिमीटर."

"साठ," ते स्वतःशीच म्हणाले आणि उठून आले.

लोखंडी कड्यात आवळलेल्या चौकोनी तुकड्याच्या पाच ठिकऱ्या झाल्या होत्या, काचेच्या व्हाव्यात तशा. नानांनी त्यातली एक उचलली, ट्यूबलाइटखाली धरली, तिरपी करून पाहिली आणि जिथून उचलली होती तिथेच ठेवली. मी वहीत लिहिलं : नववा, साठ, फुटला. त्या दिवशी माझं अक्षर फार सुंदर येत होतं.

"दाण्यात पाणी राहिलं असतं मॅडम," नाना म्हणाले, "तं शीटवर चांदीसारख्या बारीक रेघा दिसल्या असत्या. ही तं स्वच्छ आहे."

"नाना, डोळ्यांना दिसत नाही ते कळावं म्हणूनच तर हे यंत्र आहे."

"तेही खरंच," असं म्हणून ते पुन्हा स्टुलावर जाऊन बसले.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि जळगावच्या एमआयडीसीत पॉलिकार्बोनेटच्या शीट बनवणाऱ्या एका कारखान्यात लॅबची प्रमुख होते. प्रमुख म्हणजे लॅबमध्ये मी एकटीच होते. पण दारावर 'ज्योत्स्ना चौधरी, गुणवत्ता विभाग' अशी पाटी होती, आणि ती पाटी मी रोज सकाळी येताना वाचायची. नोकरीला चार महिने झाले होते, कायम व्हायला दोन उरले होते. कारखान्यात बाई म्हणून मी पहिलीच. चुकायचं नाही, असं स्वतःला बजावून ठेवलं होतं. आता मागे वळून पाहिल्यावर वाटतं, चुकायचं नाही असं ठरवलेल्या माणसाइतकं धोकादायक माणूस कारखान्यात दुसरं नसतं.

आमच्याकडची मुख्य टेस्ट दिसायला अगदी साधी होती. भिंतीला दोन मीटर उंचीचा उभा पाइप, त्यात सरकणारं पाच किलोचं वजन, वजनाचं खालचं टोक गोल. शीटमधून हातभर लांबीरुंदीचा तुकडा कापायचा, खाली कड्यात घट्ट आवळायचा, वजन ठरलेल्या उंचीला नेऊन खिट्टी काढायची. तुकडा फुटला तर पुढच्या तुकड्यावर वजन दहा सेंटिमीटर खालून टाकायचं. तगला तर दहा वरून. असे वीस तुकडे. वर-खाली करत करत शेवटी एक उंची हाती लागते, जिथे निम्मे फुटतात आणि निम्मे तगतात. ती त्या मालाची ताकद. गिऱ्हाइकाला ती एक मीटर वीसच्या वर हवी होती.

खरं तर चांगलं पॉलिकार्बोनेट फुटतच नाही. वजन आदळलं की त्याला वाटीसारखा खळगा पडतो, बस. आणि नाना ज्याचे ऑपरेटर होते त्या मशिनवरून उतरलेल्या शीटची तर तऱ्हाच वेगळी. आमचा पाइप संपायचा, पण शीट फुटायची नाही. वहीत मी दर वेळी 'दोन मीटरला फुटली नाही' एवढंच लिहायची आणि मनातून जरा खट्टू व्हायची. प्रत्येक पेपरात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या पोराचा बाईंना जसा थोडा राग येतो, तसा मला त्या शीटचा यायचा.

आणि आता साठ सेंटिमीटर.

हा लॉट खडी क्रशरवाल्यांचा होता. क्रशर चालवणारा माणूस ज्या केबिनमध्ये बसतो तिला पुढून काचेऐवजी आमची पाच मिलिमीटरची शीट बसणार होती. दगड उडतात, कधी मुठीएवढे. शीट फुटली तर तो दगड थेट माणसाच्या तोंडावर. त्यामुळे टेस्टमध्ये फेल झालेला माल सोडण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो का फेल झाला, आणि त्याचं उत्तर आमच्या वर्क्स मॅनेजरना, बेंडाळे साहेबांना, आदल्या दिवशी माझे पहिले पाच तुकडे फुटले तेव्हाच सापडलं होतं.

पॉलिकार्बोनेटचा दाणा हवेतलं पाणी शोषतो. तो एकशे वीस अंशांवर चार तास वाळवूनच मशिनमध्ये सोडावा लागतो. दाणा ओला राहिला तर शीट दिसायला शीट असते, अंगात दम नसतो. ज्या मंगळवारी हा लॉट निघाला, त्या सकाळी वीज पन्नास मिनिटं गेली होती. ड्रायर थंडावला. नानांचं म्हणणं, वीज आल्यावर त्यांनी चार तास पुन्हा पहिल्यापासून मोजले. पण मशीनही पुन्हा तापवावं लागलं होतं, तेव्हा माल उशिरा निघाला तो नेमका कशापायी हे सांगायला नानांच्या शब्दाशिवाय काहीच पुरावा नव्हता.

"नाना, एकोणीस वर्षांत एकदा घाई झाली, मी समजू शकतो," साहेब म्हणाले होते. "पण कबूल तरी करा."

"जे केलंच नाही, ते कबूल कसं करू साहेब?"

"मग हे पाच तुकडे आपोआप फुटले?"

"ते मला नाही सांगता येत."

साहेबांना ते उत्तर उद्धटपणाचं वाटलं. मलाही वाटलं. शेवटी ठरलं ते असं की त्या पाचांच्या भरवशावर काही करायचं नाही. उद्या नवे वीस तुकडे कापून, नानांच्या समोर, पूर्ण टेस्ट घ्यायची. संध्याकाळी चारपर्यंत निकाल. फेल झाला तर लॉट ग्राइंडरमध्ये, आणि नानांना सस्पेन्शनचं पत्र. एकोणीस वर्षं ज्या मशिनला हात लावल्याशिवाय त्यांचा दिवस गेला नाही, त्या मशिनपासून लांब. पुढच्या चौकशीत काय होतं हे एमआयडीसीत सगळ्यांना ठाऊक असतं.

तर अशी ती परीक्षा चालली होती, आणि ज्याची परीक्षा होती तो माणूस कोपऱ्यातल्या स्टुलावर पाय जुळवून बसला होता.

बारावा झाल्यावर जेवणाची सुट्टी झाली. मी डबा काढला. नाना उठून बाहेर जायला लागले तेव्हा मला कसंसंच वाटलं.

"इथंच बसा ना नाना. बाहेर पंचेचाळीस अंश आहेत."

त्यांच्या डब्यात कळण्याची भाकरी होती आणि ठेचा. अर्धी भाकरी त्यांनी मला काही न विचारता माझ्या झाकणात ठेवली. ज्याच्या नोकरीवर आपण सकाळपासून पाच किलोचं वजन आपटतोय, त्याची भाकरी घशाखाली उतरवणं सोपं नव्हतं. पण ठेचा असा होता की भाकरी संपली.

"तुम्ही क्रशर पाहिलंय का मॅडम?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मी जाऊन आलो. मागच्या दिवाळीत, सुट्टी होती तेव्हा. पारोळ्याकडं आहे एक. आपला पहिला लॉट तिथं गेला होता. म्हटलं, आपलं पोरगं सासरी... नाही, पोरगी सासरी कशी नांदते ते पाहून येऊ." ते हसले. "धूळ हो तिथं, धूळ! माणूस ओळखू येत नाही. केबिनमध्ये रमजान नावाचा माणूस होता. त्याला म्हटलं, भाऊ, ही शीट मी बनवली. त्यानं आधी मला येडाच समजलं. मंग त्यानं दाखवलं. चार खळगे पडले होते शीटला. एक तं बरोबर त्याच्या कपाळासमोर. म्हणाला, हा पडला तेव्हा मी पान खात होतो, पान तोंडातून पडलं नाही."

"मग?"

"मग काय. त्यानं मला पान खाऊ घातलं." नानांनी डबा झाकला. "तेव्हापासून मशिनसमोर उभा राहिलो की मला तं शीट दिसतच नाही. रमजानचं कपाळ दिसतं. आता मी ओला दाणा कसा सोडीन, तुम्हीच सांगा."

मला ती गोष्ट आवडली होती, पण गोष्टीने वहीतले आकडे बदलत नाहीत, असं मी मनात म्हटलं. तेवीस वर्षांच्या मुलीला अशी वाक्यं फार सुचतात.

सुट्टीनंतर तेराव्या तुकड्यावरची प्लॅस्टिकची फिल्म मी ओढून काढली. प्रत्येक शीटला ओरखडे पडू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी पातळ फिल्म चिकटवलेली असते. या वेळी गोदामातल्या उकाड्यानं फिल्मचा गोंद पाझरून शीटला चिकटला होता. हाताला चिकचिक लागायची. मी बाटलीतून चिंधीवर ओतलं आणि तुकडा दोन्ही बाजूंनी घासघासून पुसला, सकाळपासून सगळे पुसले होते तसा. चकचकीत झाला. कड्यात आवळला. पन्नासवरून टाकला. तगला. लिहिलं.

"ते काय लावता हो मॅडम?" नानांनी विचारलं.

"थिनर. गोंद निघत नाही नुसत्या फडक्यानं. तुकडा स्वच्छ नको का? आधी मी पाइपांच्या कंपनीत होते, तिथं मी शिस्तच लावून दिली होती. थिनरनं पुसल्याशिवाय एकही तुकडा टेस्टला घ्यायचा नाही."

"हां." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आधीच्या लॉटलाही लावायच्या का?"

"आधी कुठं लागत होतं? फिल्म काढली की शीट कोरी निघायची. या वेळीच हा गोंद..."

"हां," नाना पुन्हा म्हणाले. ते आपल्या तळहाताकडे पाहत बसले. मग उठले. "मी जरा चहा घेऊन येतो टपरीवरून."

"नाना, तुमच्या समोरच टेस्ट घ्यायची असं साहेबांनी सांगितलंय."

"घ्या तुम्ही. माझा भरवसा आहे तुमच्यावर." दाराशी जाऊन ते थांबले, काही बोलतील असं वाटलं, पण त्यांनी फक्त दार हलकेच ओढून घेतलं.

मी चौदावा तुकडा उचलला. फिल्म काढली. चिंधी उचलली. आणि चिंधी तशीच हातात राहिली, कारण माझं स्वतःचंच वाक्य मला ऐकू यायला लागलं. आधी कुठं लागत होतं. या वेळीच.

पाइपांचं प्लॅस्टिक वेगळं. त्याला थिनरनं आंघोळ घातली तरी ते ढिम्म असतं. पॉलिकार्बोनेटचं तसं नाही. ते दगडाला भीत नाही, हातोड्याला भीत नाही, पण थिनर लागलं की त्याच्या अंगावर केसाहून बारीक चिरा पडतात. वरून ताण आला की तिथूनच ते फाटत जातं. हे मला माहीत होतं. मी शिकले होते. फक्त डोक्याला जे माहीत होतं ते हाताला कोणी सांगितलं नव्हतं.

चौदावा तुकडा मी तसाच, चिकट, अंगठ्याच्या ठशांसकट कड्यात आवळला. नियमानं साठवरून टाकायला हवा होता. साठवरून टाकला. ठप्प असा आवाज आला. फुटला नाही, नीटसा खळगासुद्धा पडला नाही.

पंधरावा न पुसता एक मीटर वीसवरून. छोटी वाटी.

सोळावा थिनरनं पुसला. साठवरून. चार ठिकऱ्या.

सतरावा मी पाइपच्या पार टोकाला नेला. खिट्टी काढताना माझे डोळे मिटलेले होते. उघडले तेव्हा कड्यात एक सुंदर, खोल, गुळगुळीत वाटी तयार झाली होती. एक चीर नाही. नानांची शीट होती ती, नेहमीसारखीच पाइप संपवणारी. मी स्टुलावर बसले.

लॅबमध्ये कोणी नव्हतं. थिनरबद्दल कोणाला ठाऊक नव्हतं. नाना अडाणी नसले तरी सातवी शिकलेले, त्यांना काय कळलं असणार? साहेबांनी मालकांना माझ्याबद्दल सांगितलं होतं, मुली काटेकोर असतात. कायम व्हायला दोन महिने. मी विचार केला आणि मला वाटलं, मार्ग आहे. पुढचे तुकडे पास झाले एवढंच सांगायचं. खोटं काहीच नाही त्यात. नाना सुटतील, माल जाईल, आणि माझी पाटी दारावर राहील.

साडेतीनला मी वही घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. नाना तिथं आधीच होते, टेबलापासून दोन पावलं लांब उभे. साहेबांनी बोलावून घेतलं असावं. टेबलावर टाइप केलेला कागद होता, त्यावर फक्त सही व्हायची राहिली होती.

"झालं का?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, चौदाव्यापासून माल चांगला येतोय. चौदावा, पंधरावा पास. सतरावा तर दोन मीटरला फुटला नाही." सोळाव्याचं नाव मी घेतलं नाही.

"आणि आधीचे तेरा?"

"त्यातले बरेच... कमी उंचीला फुटलेत."

"कारण?"

"कारण नक्की सांगता येत नाही, साहेब."

बेंडाळे साहेब खुर्चीत मागे रेलले. "मी सांगतो ना. वीज गेली तेव्हा ड्रायरच्या टाकीतला खालचा दाणा वाळलेला, वरचा ओला. नानांनी तसाच सोडला. निम्म्या शीट पक्क्या, निम्म्या कच्च्या. अहो, हे तर जास्त वाईट! सगळा माल कच्चा असता तर निदान ओळखता आला असता. आता कुठली शीट कुणाच्या तोंडासमोर बसेल, काय सांगावं?" त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "सगळा लॉट ग्राइंड करा. नाना, माफ करा, पण मला दुसरा इलाज नाही."

"तुम्हाला योग्य वाटतं ते करा, साहेब," नाना म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं, नुसती नजर टाकली असती, तर मला राग आला असता आणि त्या रागाच्या आडोशाला मी गप्प राहू शकले असते. एवढीही सोय त्या माणसानं मला ठेवली नाही.

पेन कागदाला टेकलं.

"साहेब, मी तुकडे थिनरनं पुसले होते."

पेन थांबलं. "कशानं?"

"थिनरनं. फिल्मचा गोंद काढायला. पहिले तेरा आणि सोळावा. जे पुसले ते साठच्या आसपासच फुटत होते. जे पुसले नाहीत त्यातला एकही फुटला नाही."

"कालचे पाच?"

"तेही पुसलेले."

"पॉलिकार्बोनेटला थिनर? तुम्ही डिप्लोमा केलाय ना मिस चौधरी? हे शिकवत नाहीत का तिथं?"

"शिकवतात, साहेब. परीक्षेत तोच प्रश्न होता. मला दहापैकी दहा मिळाले होते."

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. साहेब उठले आणि तडक लॅबकडे निघाले, आम्ही दोघं मागून. उरलेल्या तीन तुकड्यांपैकी दोन त्यांनी स्वतःच्या हातानं घेतले. एक पुसला, एक ठेवला तसा. पुसलेला साठला फुटला. न पुसलेला त्यांनी दोन मीटरवरून टाकला. वाटी पडली. त्या वाटीत त्यांनी बोट घालून पाहिलं आणि ते खिशातला रुमाल काढून मान पुसत उभे राहिले.

"नाना," शेवटी ते म्हणाले, "माझी चूक झाली."

"असू द्या, साहेब."

"तुम्हाला कळलं होतं ना हे? थिनरचं?"

"शंका आली होती. जेवणानंतर. मागं एकदा आमच्या खात्यातल्या एकानं मशिनचं पॉलिकार्बोनेटचं झाकण पेट्रोलनं पुसलं होतं. दोन दिवसांत बोल्टापाशी तडकलं. ते आठवलं."

"मग बोलला का नाहीत? अहो, पत्र टाइप होऊन पडलं होतं! मी सही करत होतो आणि तुम्ही गप्प उभे? ही बोलली नसती तर?"

मीही तेच विचारायला बघत होते.

"मी बोललो असतो साहेब, तं काय झालं असतं? तुम्ही म्हटलं असतं, म्हातारा आपली कातडी वाचवायला पोरीवर ढकलून राहिला. नाहीतं मग माझं ऐकलं असतं. त्या वेळी सगळ्या खात्यात झालं असतं की लॅबच्या मॅडमला काही कळत नाही, ऑपरेटरनं तिची चूक पकडली. मंग पुढं?" नाना आता पहिल्यांदा माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, मेहेरबानीही नव्हती. ते कामाचं बोलत होते. "पुढं कधी खरंच माझा माल कच्चा निघाला, आणि ह्या म्हणाल्या फेल, तं ह्यांचं ऐकलं कोणी असतं? मीच नसतं ऐकलं. लॅबचं कोणी ऐकत नाही त्या कारखान्याच्या शीटमागं माणूस कसा बसवायचा, साहेब? ह्यांची चूक ह्यांनीच सांगितली, तं ह्यांचा शब्द राहिला. माझं काय, मी घरी बसलो असतो."

एवढं बोलून त्यांना संकोचल्यासारखं झालं असावं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, पाळी सुटायला अजून वेळ आहे, मशीन बघून येतो, असं काहीतरी म्हणाले आणि गेले.

साहेबांनी मला काढलं नाही. कायम होणं सहा महिने लांबलं, आणि थिनरची बाटली माझ्या हातानं स्टोअरमध्ये परत गेली. त्या संध्याकाळी मी खूप रडले. लाजेनं रडले हे खरं, पण सगळं लाजेनं नव्हतं. मी तेवीस वर्षांची असेपर्यंत माझ्यावर कोणी एवढं मोठं काही पणाला लावलं नव्हतं, आणि ज्यानं लावलं त्याची नोकरी मी सकाळपासून दहा-दहा सेंटिमीटरनं खाली आणत होते. नंतर मी पुष्कळ लॅबमध्ये काम केलं, मोठमोठ्या पदव्यांची माणसं पाहिली. टेस्ट म्हणजे काय हे त्या सातवी शिकलेल्या माणसाइतकं कोणालाच नीट समजलेलं मी पाहिलं नाही.

श्रावणात त्याच क्रशरवाल्यांचा पुढचा लॉट निघाला. हवा दमट होती. पहिला तुकडा मी मऊ कोरड्या फडक्यानं पुसून कड्यात आवळला आणि एक मीटर वीसवरून टाकला. फुटला. दुसरा एक मीटर दहावरून. फुटला. मी हात धुतले, फडकं बदललं, कडं उघडून पुन्हा आवळलं. तिसरा फुटला. वीसही तुकडे केले. ऐंशी सेंटिमीटर. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. वही घेऊन मी खाली मशिनपाशी गेले. साहेब तिथंच होते, आणि बाहेर गिऱ्हाइकाचा ट्रक उभा होता.

"ऐंशी?" साहेब म्हणाले. "पुन्हा काही लावलं नाही ना तुम्ही? नाना, तुमचं काय म्हणणं? ड्रायर नीट होता ना?"

"मला तं नीट वाटत होता, साहेब."

"मग उद्या पुन्हा वीस तुकडे घेऊ. तोवर ट्रक थांबवू. मागच्या वेळेसारखं नको व्हायला. तुमच्यावर उगीच..."

"कशाला उद्या?" नाना म्हणाले. त्यांनी माझ्या हातातली वही घेतलीसुद्धा नाही. "मॅडम म्हणतात ना फेल? मंग माझ्याच ड्रायरमध्ये काहीतरी बिघाड आहे. खोलून बघतो."

ड्रायरचा एक हीटर जळालेला निघाला, पण तो संध्याकाळी. त्याआधीच, कोणाच्या सहीची वाट न पाहता, नानांनी आपल्या हातानं बनवलेली पहिली शीट उचलून ग्राइंडरमध्ये टाकली होती.